पोथीतले रसायन, पुड्यावरचे टेलोमेअर

थंडी पडली की नागपुरात इतवारी-मस्कासाथच्या किराणा दुकानांत डिंक, खारीक, खोबऱ्याच्या शेजारी गोडंबीची पोती उघडतात. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीतला गर. विदर्भात हिवाळ्याचे लाडू तिच्याशिवाय पुरे होत नाहीत. त्याच बाजारात आवळा, अश्वगंधा, गुळवेल यांच्या डब्यांवर अलीकडे ‘पेशी’, ‘टेलोमेअर’ (गुणसूत्राचे टोक), ‘वय थोपवा’ असे शब्द येऊ लागले आहेत. ही भाषा पेशीशास्त्राची, औषधे मात्र रसायनतंत्राची, म्हणजे म्हातारपण लांबवू पाहणाऱ्या आयुर्वेदाच्या शाखेची. या दोघांची गाठ कशी पडली हे समजायला दोन्हीकडचा इतिहास पाहावा लागतो. तो पाहिला की एक गोष्ट लख्ख दिसते: पोथीतले रसायन हा एक विधी आहे. डब्यात येतो तो त्या विधीचा शेवटचा तुकडा.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन हे एक. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे आणि त्याचे चार पाद आहेत. व्याख्या साधी आहे: ‘लाभोपायो हि शस्तानां रसादीनां रसायनम्’, म्हणजे रसापासून पुढचे धातू (शरीर घडवणारे घटक) उत्तम स्थितीत मिळवण्याचा उपाय. इथला रस म्हणजे आहाररस, पचलेल्या अन्नाचा सार. मात्र याच ग्रंथाच्या शारीरस्थानात म्हातारपण आणि मृत्यू यांच्याबद्दल एक रोखठोक वाक्य आहे: ‘स्वभावो निष्प्रतिक्रियः’. स्वभावाला उतारा नाही. सुश्रुतानेही म्हातारपणाला भूक, तहान, झोप, मृत्यू यांच्याबरोबर स्वाभाविक व्याधींत बसवले आणि वेळेवर येणारे व अवेळी येणारे असे त्याचे दोन प्रकार केले. म्हणजे वैद्याच्या हाती होते ते अवेळचे म्हातारपण लांबवणे. जाहिराती नेमका हाच भेद पुसून टाकतात.

विधी कडक होता. एक प्रकार कुटीप्रावेशिक: जाड भिंतींची, बारीक झरोक्यांची, एकात एक तीन खोल्या असलेली कुटी बांधून तिच्या आत राहायचे. दुसरा वातातपिक, ऊनवाऱ्यात रोजचे जीवन जगत घ्यायचा. दोन्हींच्या आधी कोठा साफ करणे आले. चरकाने त्यासाठी हिरडा, सैंधव, आवळा, गूळ, वेखंड, वावडिंग, हळद, पिंपळी आणि सुंठ यांचे चूर्ण गरम पाण्यातून सांगितले. त्यानंतर तीन, पाच किंवा सात दिवस, जुना मळ सुटेपर्यंत, जवाची पेज तुपासह. सुश्रुताचा दाखला इतका चपखल आहे की तो सोडवत नाही: मळक्या कापडावर रंग चढत नाही, तसे अशुद्ध शरीरावर रसायन. रसायन तरुणपणी किंवा मध्यम वयात घ्यावे, हेही त्यानेच सांगितले. सत्तरीत पहिला डबा उघडणाऱ्याला पोथीचा फारसा आधार नाही.

आता च्यवनप्राश जवळून पाहू. चरकाच्या पाठात, म्हणजे कृतीत, आवळे मोजून घेतले आहेत, ५०० नग. दशमुळांसह इतर वनस्पती प्रत्येकी १ पल आणि पाणी १ द्रोण (हे जुने माप, पानाचा द्रोण नव्हे). आजच्या मापात १ पल म्हणजे ४८ ग्रॅम. शिजलेल्या आवळ्याचा गर तेल आणि तूप मिळून १२ पलांत, म्हणजे ५७६ ग्रॅममध्ये परतायचा. खडीसाखर अर्धी तुला, म्हणजे २ किलो ४०० ग्रॅम. निवल्यावर मध ६ पल, वंशलोचन ४ पल, पिंपळी २ पल आणि थोडी दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर.

पहिली गफलत आवळ्यातच होते. रानातला आवळा छोटा असतो, साधारण १० ग्रॅमचा धरला तर ५०० आवळे ५ किलो भरतात. कलमी आवळा ४० ग्रॅमचा असेल तर तेच ५०० आवळे २० किलो होतात, आणि तूप-साखरेचे सगळे प्रमाण कोलमडते. म्हणून कलमी आवळा घेताना नग न मोजता वजनाने घ्यावा. दुसरी चूक भांड्याची. लोखंडी कढईत आवळ्यातले टॅनिन लोहाशी मिळून गर काळाठिक्कर पडतो, चव कडवट लोखंडी होते. कल्हईचे पितळी किंवा स्टीलचे भांडे घ्यावे. आवळे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून काढ्यात शिजवावेत, बिया काढाव्यात आणि गर कापडावर घासून गाळावा. रेषा राहिल्या तर चाटण खरखरीत होते. परतणे सर्वांत महत्त्वाचे: गर कढई सोडू लागला आणि कडेने तूप सुटले की झाले. इथे घाई केली तर पाणी आत राहते आणि महिन्या-दोन महिन्यांत बुरशी धरते. पाक कच्चा राहिला तर मिश्रण आंबते, जास्त झाला तर साखर दाणेदार बसते. मध गरम मिश्रणात कधीही घालू नये.

अष्टवर्ग या आठ वनस्पतींच्या गटातल्या जीवक, ऋषभक, मेदा अशा हिमालयी वनस्पती जुन्या काळापासूनच दुर्मीळ आहेत. भावप्रकाश या ग्रंथाने त्यांच्या जागी शतावरी, विदारीकंद, अश्वगंधा, वाराहीकंद दिले. त्यामुळे आज मिळणारा जवळजवळ प्रत्येक च्यवनप्राश पर्यायी द्रव्यांचा असतो, आणि त्यात गैर काही नाही. मात्रेबद्दल चरकाने चमचे सांगितलेच नाहीत. जेवणाला अडथळा होणार नाही इतकी, एवढेच म्हटले आहे. सकाळी खाल्ल्यावर दुपारी भूक मंदावली तर मात्रा जास्त झाली, हा नियम आजही जसाच्या तसा चालतो.

बिब्ब्याचे रसायन विदर्भाच्या खास ओळखीचे. याच रानातले हे फळ, धोबी याच्या रसाने कपड्यांवर न निघणारी खूण करायचे. चरकाने पिकलेल्या जांभळाच्या रंगाचे, रसाने भरलेले बिब्बे ज्येष्ठ-आषाढात गोळा करून जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवायला सांगितले आहेत. वापर मार्गशीर्ष-पौषात. दहा बिब्बे आठपट पाण्यात उकळायचे, आठवा भाग उरला की गाळून दुधासह प्यायचे, आणि त्याआधी तोंडाला आतून तूप लावायचे. रोज एक वाढवत तीसपर्यंत जायचे, मग तसेच उतरायचे. तीसच्या वर नाही, आणि एकूण हजाराच्या वर नाही. इतकी मोजमाप कशासाठी, हे ज्याच्या अंगावर बिब्बा उतला आहे त्याला सांगावे लागत नाही. फळाच्या सालीत जळजळीत तेल असते. बिब्बा हा काजूच्याच कुळातला, आणि त्यातली द्रव्ये कातडीवर फोड उठवतात. काहींना नुसत्या धुरानेही तोंड सुजते.

म्हणून शोधन आले. पाण्यात बुडणारे भरीव बिब्बे निवडायचे, देठाकडची टोपी कापायची, विटकरीच्या जाड भुग्यासह गोणपाटाच्या थैलीत घालून चोळायचे. भुगा तेलाने ओला झाला की बदलायचा. शेवटी गरम पाण्याने धुवायचे. हाताला खोबरेल आणि हातमोजे दोन्ही हवेत. हे काम घरी करू नये, आणि बिब्ब्याचा काढा वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये. पित्तप्रकृतीच्या माणसाला आणि उन्हाळ्यात तर नाहीच. पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या गावात हे वेगळे सांगायला नको. लाडवातली गोडंबी ही निराळी गोष्ट. तो आतला गर आहे, सालीचे तेल त्याला लागलेले नसले म्हणजे झाले.

पुढच्या काळात ‘रस’ या शब्दाचा अर्थच फिरला. मध्ययुगात रसशास्त्र बहरले आणि रस म्हणजे पारा ठरला. या परंपरेचा मूळपुरुष मानला जाणारा नागार्जुन नागपूरकरांना परका नाही. रामटेकला त्याच्या नावाची टेकडी आहे, आणि तिथे त्याने साधना केली असे लोक पिढ्यानपिढ्या सांगत आले. नागार्जुन नावाचे पुरुष एकाहून अधिक होऊन गेले, तेव्हा टेकडीवरचा कोणता आणि रसग्रंथांतला कोणता हा वाद राहतोच. बदल मात्र खरा आहे: आहार, ऋतू, शुद्धी यांच्यावर उभा असलेला विधी मागे पडून सिद्ध केलेले द्रव्य पुढे आले. रससिंदूर करताना पारा-गंधकाची कज्जली (एकत्र खललेली काळी भुकटी) काचकुपीत भरतात, कुपीला सात थर कापडमाती लावतात आणि वाळूच्या यंत्रात मंद, मध्यम, तीव्र अशी आच देतात. गंधक वितळून कुपीच्या गळ्यात अडकतो. तापलेली सळई घालून तो मोकळा केला नाही तर कुपी फुटते. विद्या अवघड होती, यात शंका नाही. अर्धवट केलेले पारदकल्प विष ठरतात, हेही तितकेच खरे. आज शाळेत आपण ‘रसायन’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर परीक्षानळी येते, ती या वळणाची खूण.

विसाव्या शतकात औषध वैद्याच्या खलातून कारखान्यात गेले. १९१७ मध्ये कोलकात्यात सुरू झालेल्या बैद्यनाथने नागपुरातही कारखाना उभारला, आणि ग्रेट नाग रोडवरचा चौक आज त्याच नावाने ओळखला जातो. १९३८ मध्ये पंडित मदनमोहन मालवीयांनी शहात्तराव्या वर्षी तपसीबाबा या साधूंच्या देखरेखीखाली कुटीत राहून कायाकल्प केला आणि देशभर त्याची चर्चा झाली. त्यानंतर ते १९४६ पर्यंत जगले. एका माणसाच्या अनुभवावरून मात्र काहीच ठरत नाही, आणि तेव्हा मोजण्यासारखे काही हातातही नव्हते. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधे १९४० च्या औषध कायद्याच्या कक्षेत नीट आली, १९७८ मध्ये आयुर्वेदिक योगसंग्रहाचा, म्हणजे औषधांच्या सरकारी पाठसंग्रहाचा, पहिला भाग निघाला. तेव्हापासून दुकानात दोन जाती आहेत: ग्रंथातल्या पाठाप्रमाणे केलेले शास्त्रोक्त औषध, आणि कंपनीने स्वतः जुळवलेले. डबा घेताना आधी हेच पाहावे.

पेशीचा इतिहास तुलनेने ताजा. फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल यांनी १९१२ पासून कोंबडीच्या हृदयाच्या पेशी वाढवत ठेवून त्या अमर आहेत असा समज रुजवला. १९६१ मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी तो मोडला: माणसाच्या साध्या पेशी साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि थांबतात. का थांबतात, याचे उत्तर गुणसूत्राच्या टोकाशी सापडले. कोष्टी लुगड्याच्या शेवटी मोकळ्या दशा सोडतो. दशा झिजतात, पण विणलेला पदर शाबूत राहतो. टेलोमेअर ही गुणसूत्राची दशा. दर विभाजनात ती थोडी झडते, आणि फारच आखूड झाली की पेशी विभागणे बंद करते. दशा पुन्हा भरणारे टेलोमरेज हे विकर एलिझाबेथ ब्लॅकबर्न आणि कॅरल ग्रायडर यांना १९८४ मध्ये सापडले. जॅक शोस्टाक यांच्यासह तिघांना २००९ चे नोबेल मिळाले. रसायनाच्या जाहिरातींना नवे शब्द मिळाले ते इथून.

प्रत्यक्ष प्रयोग काय सांगतात? अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काने हेला पेशींत टेलोमरेज वाढल्याचा निबंध २०१६ मध्ये आला आणि खूप फिरवला गेला. हेला या कर्करोगाच्या पेशी आहेत, त्यांच्यात टेलोमरेज आधीच जागे असते. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत ते जागे झालेले सापडते. अशा पेशीत ते वाढणे ही तारुण्याची बातमी म्हणता येत नाही. हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने झालेले काम याहून कितीतरी शिस्तीचे आहे. बनारस हिंदू विद्यापीठात फळमाशांना आमलकी (आवळ्याचे) रसायन दिल्यावर त्यांचे आयुष्य आणि उपाशी तग धरण्याची ताकद वाढल्याचे २०१२ मध्ये दिसले. निष्कर्ष मोलाचा आहे, पण फळमाशीला टेलोमरेज नसतेच, ती टोके दुसऱ्याच युक्तीने राखते. तेव्हा या प्रयोगावरून टेलोमेअरबद्दल बोलणे चूक.

माणसांवरचा अभ्यास २०१७ मध्ये मणिपालहून आला. ४५ ते ६० वयाच्या निरोगी लोकांना आधी कोष्ठशुद्धी, मग आमलकी रसायन. विधीचा मान राखलेला हा विरळा प्रयोग. रक्तातल्या पेशींत टेलोमरेजची क्रिया वाढली, टेलोमेअरच्या लांबीत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसऱ्या निकालाचे नवल वाटू नये. प्रौढ माणसाचे टेलोमेअर वर्षाला एक टक्क्याहूनही कमी झडते, आणि मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीतली चूकच काही टक्क्यांची असते. पैसे भरून दोन महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन चाचण्यांत लांबी ‘वाढलेली’ दिसली, तर तो बहुधा मापनातला फरक. शिवाय सर्दी-पडशाने पांढऱ्या पेशींची सरमिसळ बदलली तरी आकडा हलतो.

घेणाऱ्यासाठी काही गोष्टी नेमक्या. मधुमेह असेल तर च्यवनप्राशाच्या लेबलवर साखर किती ते आधी पाहावे, ती बहुतेक वेळा आवळ्याहून कमी नसते. थायरॉइडच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी अश्वगंधा स्वतःहून सुरू करू नये. अश्वगंधा आणि गुळवेल या दोन्हींनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. गुळवेलाच्या बाबतीत तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची भेसळही होते, म्हणून कुंपणावरची वेल ओळखीशिवाय तोडू नये. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली की औषध त्याच दिवशी बंद करून यकृताची तपासणी करावी, आणि डॉक्टरांना डब्याचे नाव सांगावे. पारद किंवा इतर भस्म असलेला कल्प असेल, तर तो कुठल्या वैद्याने, किती दिवसांसाठी आणि कोणत्या मात्रेत दिला हे कागदावर लिहून घ्यावे.