रांजणवाडी

पापणीच्या कडेला उठणारी लाल, ठणकणारी पुळी म्हणजे रांजणवाडी. बोलण्यात मात्र पापणीवर आलेल्या कुठल्याही उंचवट्याला सरसकट हेच नाव दिले जाते, आणि उपचारातला निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. खरी रांजणवाडी जंतूंमुळे होते. तिच्यासारखीच दिसणारी, पण न दुखणारी जी गाठ पापणीत महिनोन्‌महिने बसून राहते ती तुंबलेल्या तेलाची असते. वैद्यकात तिला कॅलेझियॉन म्हणतात; मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘गार’, म्हणजे आकाशातून पडणारी. बोटाने चाचपले की हे नाव का पडले ते लगेच कळते.

पापणी नुसत्या कातडीची नसते. तिच्या आत एक चिवट पट्टी असते आणि त्या पट्टीत तेल तयार करणाऱ्या ग्रंथी उभ्या ओळीने बसवलेल्या असतात: वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. जर्मन वैद्य हाइनरिख माइबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या माइबोम ग्रंथी. त्यांची तोंडे केसांच्या ओळीमागे, पापणीच्या कडेवर उघडतात. त्यांतले तेल अश्रूंवर तवंगासारखे पसरते आणि डोळा लवकर कोरडा पडू देत नाही. केसांच्या मुळाशी याहून लहान अशा तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथीही असतात.

केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीत जंतू शिरले की बाहेरची रांजणवाडी होते. पापणी जड वाटते, एका ठिकाणी टोचते, दुसऱ्या दिवशी सूज आणि ठणका वाढतो, मग केसाच्या बुडाशी पुवाचा पिवळा ठिपका दिसू लागतो. हे जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे असतात. ते एरवीही कातडीवर आणि नाकात वस्तीला असतातच. बोटाने डोळा चोळला की वर पोचतात. माइबोम ग्रंथीतच पू झाला तर रांजणवाडी आतल्या बाजूला होते आणि जास्त दुखते. ‘उष्णतेने झाली’ हे घरचे निदान सर्वत्र ऐकू येते, पण कारण उष्णता नसून तुंबलेली ग्रंथी आणि जंतू हे असते.

पुन्हापुन्हा होत असेल तर मुळाकडे पाहावे लागते. पापणीच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे धरणे हे नेहमीचे कारण. अनियंत्रित मधुमेह, रात्री न पुसलेले काजळ, जुनी मस्कारा, न धुतल्या हातांनी लावलेली कॉन्टॅक्ट लेन्स हीदेखील कारणे आहेत. लहान मुलाला वारंवार होत असेल तर नंबर तपासून घ्यावा. चष्मा लागलेला असून तो नसेल तर मूल डोळे चोळत राहते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे २१ रोग सांगितले आहेत आणि या दोन गाठी तिथेही वेगळ्याच ठेवल्या आहेत. दाह होणारी, टोचणारी, तांबूस, मऊ, बारीक पुळी ती ‘अंजननामिका’. न पिकणारी, कठीण, न दुखणारी, बोराएवढी गाठ तो ‘लगण’. अंजननामिकेवर आधी शेक द्यावा असेच तिथे सांगितले आहे.

शेक हाच आजही पहिला उपचार आहे, आणि तो नीट होत नाही ही खरी अडचण. स्वच्छ रुमाल कोमट पाण्यात पिळून मिटल्या डोळ्यावर ठेवला की मिनिट-दोन मिनिटांत गार होतो. बहुतेकांचा शेक तिथेच संपतो. रुमाल पुन्हापुन्हा बुडवत १० मिनिटे ऊब टिकली तरच आतले घट्ट झालेले तेल पातळ होते. हे दिवसातून तीन-चार वेळा करायचे. पाणी मनगटाला सोसेल इतपतच असावे, कारण पापणीची कातडी फार पातळ असते. तळहातावर बोट घासून ते पापणीला लावण्याच्या जुन्या रीतीत कल्पना बरोबर आहे, पण ऊब क्षणभराची आणि बोट न धुतलेले! लवंग किंवा खारकेची बी उगाळून लावतात. तो लेप डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होऊ शकते, म्हणून टाळलेला बरा.

फोड दाबून फोडू नये. जंतू आत पसरतात. बहुतेक रांजणवाड्या आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप फुटून बसतात. अँटिबायोटिक मलम काही वेळा दिले जाते, गोळ्या सूज पसरली तरच. कॅलेझियॉनमध्ये पू नसल्याने अशा मलमाने ती गाठ विरत नाही. शेक आणि पापणीच्या कडेकडे हलक्या हाताने मालिश यांनी काही आठवड्यांत ती बरीचदा जिरते. नाही जिरली तर गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. सावळ्या कातडीवर त्याने पांढुरका डाग पडू शकतो. दुसरा मार्ग छोट्या शस्त्रक्रियेचा. जागा बधिर करून, एका बाजूला कडे असलेल्या चिमट्यात पापणी पकडून उलटवतात, आतल्या बाजूने उभा छेद घेतात आणि बारीक चमच्याने आतला गिळगिळीत गर खरवडून काढतात. टाका लागत नाही, बाहेर व्रण दिसत नाही. मोठी गाठ बुबुळावर दाब देऊन नजर धूसर करते. लहान मुलांत म्हणूनच फार थांबू नये.

पापणीवरचे बाकीचे उंचवटे ओळखायला सोपे. मोहरीएवढे पांढरे कण निरुपद्रवी असतात. मध्यभागी खळगा असलेल्या मोत्यासारख्या पुळ्या विषाणूच्या. नाकाजवळच्या कोपऱ्यात पिवळट चकत्या आल्या तर रक्तातले कोलेस्टेरॉल तपासावे, मात्र कित्येकांचे ते ठीकच निघते.

उतारवयात एकाच जागी परतपरत येणारी गाठ, किंवा जिथले पापणीचे केस गळून गेले आहेत अशी गाठ, हिला रांजणवाडी समजून शेकत बसू नये. तेलग्रंथीचा कर्करोग अगदी असाच दिसतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय त्याचे निदान होत नाही. पूर्ण पापणी सुजून ताप आला, डोळा पुढे आल्यासारखा वाटला, हलवताना दुखला किंवा दिसणे कमी झाले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.