उपाशीपोटी दाढ काढायला येऊ नका

सकाळच्या पहिल्या एसटीने साठीचे एक काका दाढ काढून घ्यायला आले. सात वाजता शुगरची गोळी घेतलेली, पण "सुई टोचतीन, मंग पोट रिकामंच बरं" म्हणून कळण्याची भाकर तशीच टोपलीत ठेवून निघालेले. त्यांचा नंबर लागला साडेअकराला. मी सुई हातात घ्यायच्या आधीच कपाळावर घाम, बोटं थरथरायला लागलेली. "डाक्टर, माले चक्कर यी राहिनी." शुगरच्या मशीनवर आकडा आला ५२.

उपाशी राहायला सांगतात ते पूर्ण भूल द्यायची असेल तर. बेशुद्धीत पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. दाताच्या सुईने फक्त तेवढीच जागा बधिर होते, त्यामुळे पोटभर जेवून आलेलंच चांगलं. मधुमेहाच्या माणसाने तर नक्कीच. काकांची गोळी होती ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवलेले असा की नसा. शुगरचीच दुसरी गोळी, मेटफॉर्मिन, नुसती घेतली तर असं सहसा होत नाही. साखर ७०च्या खाली उतरली की शरीर अ‍ॅड्रिनलीन सोडतं. घाम आणि थरथर त्याचीच. बीपीसाठी बीटा ब्लॉकर प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांची थरथर आणि धडधड दबून जाते, घाम मात्र येतो, म्हणून गार घामाकडे मी फार लक्ष देतो.

उपाय घरचाच: तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. आपल्या जळगाव जिल्ह्यात कुणीतरी लगेच केळं पुढे करतं. केळ्याची साखर गरात अडकलेली असते, रक्तात यायला वेळ लागतो. ते नंतर खावं. आणि शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, चमचाभर पाणीसुद्धा नाही. तिथे शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं.

दवाखान्यात सगळ्यात जास्त दिसणारी भानगड मात्र साधी चक्कर. भीतीने किंवा सुई बघूनच व्हेगस नावाची मज्जातंतू चाळवते, हृदयाचे ठोके मंदावतात, पायांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि मेंदूला रक्त कमी पडतं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ला टेकलेला असताना घामाने अंगातलं पाणी आटलेलं असतं, तेव्हा हे आणखी लवकर घडतं. माणूस आडवा पडला की रक्त पुन्हा डोक्याकडे येतं, म्हणजे पडणं हाच शरीराचा इलाज. पण सोबतचे नातेवाईक नेमकं उलटं करतात: दोघं काखेत हात घालून उभं धरतात, तिसरा कांदा हुंगवतो. खुर्ची आडवी करून पाय वर उचलले की बहुतेक जण मिनिटभरात डोळे उघडतात आणि "काय व्हयनं?" विचारतात. तसं झालं नाही, तर मग दुसरं काहीतरी आहे असं समजून नाडी आणि श्वास बघायचा आणि १०८ला फोन लावायचा.

"मला सुईची अ‍ॅलर्जी आहे" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. खोदून विचारलं की निघतं, सुईनंतर छाती धडधडली होती. बधिर करण्याच्या औषधात, लिग्नोकेनमध्ये, रक्तस्राव कमी व्हावा आणि परिणाम टिकावा म्हणून अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं असतं, बहुधा १:८०,००० या प्रमाणात. थोडं शिरेत गेलं की धडधड होते, दोन-चार मिनिटांत ओसरते. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी अगदी क्वचित. खरी तीव्र अ‍ॅलर्जी, मग ती अँटिबायोटिकची का असेना, वेगळीच दिसते: अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वासात घरघर, बीपी कोसळणं. गंमत अशी की तिथे जीव वाचवतं तेच अ‍ॅड्रिनलीन, फक्त ८० पट तीव्र: १:१,०००चं अर्धा मिली, मोठ्या माणसाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. एविल हे अ‍ॅलर्जीचं औषध आणि स्टेरॉइड मागाहून. त्यांच्या भरवशावर अ‍ॅड्रिनलीनला उशीर करणं ही चूक अजूनही होते.

दुखऱ्या दाढेवर डिस्प्रिनची, म्हणजे अ‍ॅस्पिरिनची, गोळी दाबून येणारेही असतात. त्या अ‍ॅसिडने हिरडी पांढरी पडून जळते, दुखणं तसंच. तीच गोळी हार्ट अटॅकचा संशय असलेल्याला चावून खायला देतो, अर्थात अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल तर. आणि डाव्या जबड्यात कळ येते, पण दात ठणठणीत, चार पावलं चालल्यावर वाढते, थांबल्यावर कमी होते, अशा माणसाला मी आधी ईसीजी काढायला पाठवतो.

काका आठवड्याने पुन्हा आले, भाकर खाऊन, आणि यावेळी सांगितल्याप्रमाणे गोळ्यांची कॅरीबॅग घेऊन. शुगरच्या, बीपीच्या आणि तळाशी क्लोपिडोग्रेल, रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी. ही आधी का सांगितली नाही, विचारलं. म्हणाले, ती हार्टची आहे, दाताशी तिचा काय संबंध? आणि दाढ काढायची म्हणून दोन दिवसांपासून ती बंद ठेवायचा सल्ला शेजाऱ्याने दिला होता. नशीब, त्यांनी तो ऐकला नव्हता. ती थांबवून हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवायला बसवलेल्या जाळीत, स्टेंटमध्ये, गुठळी होण्यापेक्षा हिरडीतून थोडं जास्त रक्त आलेलं परवडलं. दाढ काढली, एक टाका घातला, कापसाचा बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायला लावला. रक्त थांबलं, तेव्हा दुपारची एसटी लागायला अजून वीस मिनिटं होती.