घोडा नाचत नाही, पाठ उचलतो

गेल्या महिन्यात तासगावला एका वरातीत हलगीवर घोडा नाचत होता. शेजारचे काका म्हणाले, "ऑलिंपिकमध्ये पोरी हेच करतात की!" त्यांना ड्रेसाज म्हणायचं होतं, म्हणजे स्वाराच्या बारीक इशाऱ्यांवर घोड्यानं ठरलेल्या चाली करून दाखवायचा खेळ. २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी भारताला या खेळातलं पहिलं सांघिक सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हापासून हा गैरसमज मी सारखा ऐकतोय.

त्या घोड्याकडे मी नीट पाहिलं. लगाम करकचून ओढलेला, मान ताठ वर, पाठ मधोमध खचलेली. ड्रेसाजमध्ये पाठ वर यावी लागते आणि लगाम हलका राहावा लागतो.

घोड्याला हासळीचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला सांध्यानं जोडलेलेच नाहीत; दोन फऱ्यांच्या मधे छाती स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. मान-डोकं पुढे, म्हणून साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर. ५०० किलोच्या घोड्यात ३०० किलो झाले. वर स्वार बसला की झोळी आणखी खाली येते. ती आवळून छाती उचलायची, मागचे पाय पोटाखाली घ्यायचे, खुब्याचे-गुडघ्याचे-घोट्याचे सांधे दुमडायचे, यात वर्षं जातात. तेव्हा कुठे 'पियाफ' जमतो, म्हणजे जवळपास जागच्या जागी दुडकी चाल.

(बाजारात अजून भोवरे बघून घोड्याची किंमत ठरते. भोवरा म्हणजे केसांचं वळण. त्यावरून पाठही कळत नाही आणि नशीबही. हात फिरवायचा तर खोगिराखालच्या स्नायूंवरून फिरवा.)

पाठ उचल, हे घोड्याला सांगायचं कसं? आपल्या बसण्यातून. दुडकीत पुढचा एक आणि विरुद्ध बाजूचा मागचा, असे तिरपे दोन पाय एकदम टेकतात, मग क्षणभर चारी पाय हवेत, मग दुसरी जोडी. तेवढ्यात पाठ दोनदा खाली-वर होते आणि स्वाराची कंबर तिच्याबरोबर कलत राहते. ती कंबर क्षणभर धरली, की घोडा मागचे पाय आत घेतो. माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्याला एवढं पुरतं. आपण 'पक्की मांड' म्हणतो ती हीच.

म्हणूनच इथे बाई आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये स्त्रियांना १९५२ला, हेलसिंकीत, पहिल्यांदा प्रवेश मिळाला. तिथे डेन्मार्कच्या लिस हार्टेलनं रौप्य जिंकलं. पोलिओनं तिचे पाय गुडघ्याखाली लुळे पडले होते. घोड्यावर चढता-उतरताना तिला आधार लागायचा. चार वर्षांनी स्टॉकहोमला तिनं पुन्हा रौप्य घेतलं.