आत्मसूचना प्रशिक्षण

वर्गात मध्येच ओरडणारे, जागा सोडणारे, शेजाऱ्याच्या खोड्या काढणारे मूल स्वतःशी बोलून स्वतःला आवरू शकेल, अशा बेताने दिलेले शिक्षण. बोधनिक-वर्तन परिवर्तनातील, म्हणजे विचार बदलून वागणे बदलण्याच्या उपचारपद्धतीतील, ही एक प्रमुख पद्धत होय.

तिचा उगम कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. काम करताना मूल स्वतःशी मोठ्याने बोलते, याचे निरीक्षण स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी १९२३ मध्ये मांडले. हे ‘आत्मकेंद्री’ बोलणे वयाबरोबर गळून पडते, असे ते मानीत. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) यांच्या मते ते गळत नाही, आत वळते. त्यांचे सहकारी अलेक्सांद्र लुरिया यांनी आधी मोठ्यांचे, मग स्वतःचे उघड आणि अखेर मनातले बोलणे कृतीला लगाम घालते, असा क्रम सांगितला. याउलट मनातले बोलणे हेही एक वर्तनच आणि तेही घडवता येते, असा वर्तनवादी विचार १९६० च्या दशकात पुढे आला होता. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड मायकेनबॉम व जोसेफ गुडमन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेले या पद्धतीचे पाच टप्पे पाहता लुरियांशी नाते जोडणारे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिला, नमुना दाखवण्याचा टप्पा तेवढा निरीक्षणातून होणाऱ्या अध्ययनाच्या सिद्धांताला जवळचा आहे.

हे टप्पे असे. शिक्षक आकृती उतरवताना मोठ्याने बोलतो : ‘काय करायचंय? ही रेघ खाली न्यायची. हळू. अरे, वाकडी गेली. हरकत नाही, खोडतो.’ मग तो बोलतो आणि मूल करते. नंतर मूल स्वतः बोलत करते, पुढे कुजबुजत, शेवटी ओठ न हलवता. चूक मुद्दाम करून ती सावरणे हा नमुन्याचाच भाग असतो. घाईत तो बहुधा गाळला जातो.

मायकेनबॉम व गुडमन यांच्या मूळ प्रयोगात उतावळ्या मुलांची चाचण्यांमधली कामगिरी सुधारली, वर्गातल्या वागण्यात मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. बोधनिक-वर्तन परिवर्तनाच्या शाळांमधील २३ अभ्यासांच्या १९९९ मधील एकत्रित विश्लेषणात सरासरी परिणाम ०·७४ प्रमाण विचलन इतका, म्हणजे बराच अनुकूल आढळला. अवधान-न्यूनता व अतिचंचलतेचे निदान झालेल्या मुलांबाबतचे निष्कर्ष मात्र निराशाजनक आहेत.