दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली (लहान कार्यालयांसाठी)

कार्यालयात येणारे, तयार होणारे आणि बाहेर जाणारे कागद नोंदवून वर्गवार ठेवणे, लागतील तेव्हा काढून देणे आणि मुदत संपल्यावर रीतसर नष्ट करणे, या कामांच्या व्यवस्थेला दस्तऐवज व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. आवक-जावक नोंदवही, संचिका आणि अभिलेख कक्षातील गठ्ठे ही तिची जुनी रूपे होत. आज ही संज्ञा मुख्यतः स्कॅन केलेले व संगणकावर तयार झालेले दस्तऐवज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी वापरली जाते. पतसंस्था, शाळा, आडत दुकान किंवा वकिलाचे कार्यालय अशा पाच-दहा माणसांच्या ठिकाणी ती निवडताना सोयींची यादी किती लांब आहे हे गौण असते. मागितलेला कागद नव्याने रुजू झालेल्या कारकुनालाही सापडतो का, हीच खरी कसोटी होय.

महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत या कामाची शिस्त पूर्वीपासून आहे. तेथे अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात. अ वर्ग कायम जतन होतो, तर ड वर्गातील कागद अल्प मुदतीनंतर नष्ट केले जातात. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपले अभिलेख सूचिबद्ध ठेवणे बंधनकारक आहे. खासगी कार्यालयानेही सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी असे वर्ग ठरवून घ्यावेत, कारण कोणता कागद किती काळ ठेवायचा हे संगणक ठरवत नाही. उदाहरणार्थ, वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेबाचे कागद त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात.

मराठवाड्यात या निवडीला आणखी काही पैलू आहेत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात असल्याने येथील जुने महसुली कागद मोठ्या प्रमाणावर उर्दूत, तर काही मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा असे कागद वाचण्यासाठी उर्दू आणि मोडीच्या जाणकारांची मदत घ्यावी लागली. छापील देवनागरी मजकूर ओळखणारे ‘टेसरॅक्ट’सारखे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध असले, तरी हस्तलिखित मोडी किंवा शिकस्त (घसटत्या, जलद हाताने लिहिलेल्या) उर्दूपुढे त्याचा उपयोग होत नाही. म्हणून गाव, गट क्रमांक, खातेदाराचे नाव, दस्ताचा प्रकार आणि तारीख ही माहिती हाताने भरण्याची सोय ज्या प्रणालीत सहज आहे, तीच येथे उपयोगी पडते.

माहिती भरण्याची रीतही आधीच ठरवावी लागते. एकाच खातेदाराचे नाव एका कागदावर ‘ज्ञानोबा’ आणि दुसऱ्यावर ‘ग्यानोबा’ असे आढळते. जिल्ह्यांचेही तसेच आहे: लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात होते, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत, २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची नावे अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. जुने आणि नवे नाव एकाच नोंदीला जोडता आले नाही, तर निम्मे कागद शोधात येतच नाहीत. श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या टंकांत (फॉन्टमध्ये) टंकलिखित केलेल्या फाइलींचीही तीच गत होते. पडद्यावर मराठी दिसत असली, तरी युनिकोड या सर्व संगणकांना समजणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात रूपांतर केल्याशिवाय त्यांतील शब्द शोधता येत नाहीत. विक्रेत्याने दाखवलेल्या नमुन्यावर न विसंबता आपल्याच कपाटातील जीर्ण, शिक्के मारलेले, तिरके स्कॅन झालेले कागद घालून प्रणाली तपासावी, ती यासाठीच.

अगदी लहान कार्यालयाला सामाईक फोल्डर आणि फाइलींना नावे देण्याची पक्की पद्धत एवढेही पुरते; ‘२०२४-०३-१५_ठराव_कर्जमंजुरी’ अशा नावामुळे फाइली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. कागद वाढले, किंवा कोणी काय पाहावे यावर बंधन हवे असले, की ‘पेपरलेस-एनजीएक्स’ किंवा ‘मायन’ यांसारख्या मुक्त प्रणालींचा विचार करता येतो. मात्र त्या बसवून सांभाळणारा जाणकार जवळपास हवा. भारनियमनाच्या गावात केवळ इंटरनेटवर चालणारी प्रणाली ऐन कामाच्या वेळी अडते. त्यामुळे कार्यालयातील संगणकावर चालणारी प्रणाली, तिला यूपीएस आणि दुसऱ्या इमारतीत ठेवलेली एक प्रत अशी रचना अधिक भरवशाची ठरते. दीर्घकाळ जपायच्या फाइली पीडीएफ-ए या, दीर्घकालीन जतनासाठी ठरवलेल्या पीडीएफच्या स्वरूपात असाव्यात. प्रणाली बदलायची वेळ आली तर सर्व फाइली त्यांच्या नोंदींसह बाहेर काढता येतात का, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे. याबाबत तोंडी आश्वासन पुरेसे मानू नये.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखांना मान्यता दिली असली, तरी मृत्युपत्र आणि न्यासपत्र यांना तो लागू होत नाही. असे दस्त, तसेच मुद्रांकावरील करार, स्कॅन झाल्यानंतरही मूळ स्वरूपातच वाळवी न लागणाऱ्या लोखंडी कपाटात ठेवावेत आणि संगणकातील नोंदीत त्यांचा कपाट व गठ्ठा क्रमांक लिहावा.