सात पराभूत हंगामांमागे काय होते?

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडच्या कर्णबधिर शाळेचा अमेरिकी फुटबॉल संघ २०२१मध्ये अपराजित राहून अंतिम सामन्यात पोहोचला, तेव्हा त्याआधीचे सलग सात पराभूत हंगाम बातम्यांतून एका ओळीत आटोपले गेले. त्या अपयशाचे खापर सहजच बहिरेपणावर फोडले जाते. पण हा खेळ कर्णबधिरांना नवा नाही. दोन डावांच्या मध्ये खेळाडूंनी डोकी जुळवून वर्तुळात उभे राहण्याची ('हडल') पद्धत १८९०च्या दशकात वॉशिंग्टनच्या कर्णबधिर महाविद्यालयाच्या संघाने, समोरच्या कर्णबधिर संघाला आपल्या खुणा दिसू नयेत म्हणून, सुरू केली असे मानले जाते. मैदानाकडेला मोठा ढोल बडवून त्याच्या कंपनांवर डाव सुरू करण्याची रीतही तिथलीच.

खरा प्रश्न संख्याबळाचा आहे आणि त्याचे मूळ अमेरिकेच्या १९७५च्या केंद्रीय कायद्यात सापडते. दिव्यांग मुलांना 'कमीत कमी निर्बंध असलेल्या वातावरणात' शिकवावे, असे त्या कायद्याने बंधन घातले. या शब्दांचा अर्थ प्रशासनाने बहुतेक ठिकाणी 'घराजवळची सर्वसाधारण शाळा' असा लावला. हेतू चांगला होता, हे मान्य करायलाच हवे. परंतु ज्या वर्गात एकटा दुभाषी सोडला तर कोणालाच सांकेतिक भाषा येत नाही, जेवणाच्या सुटीत ज्या मुलाशी कोणी बोलत नाही आणि संघात घेतले तरी प्रशिक्षकाची सूचना ज्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते, त्याच्यासाठी तेच वातावरण सर्वाधिक निर्बंधांचे ठरते, ही कर्णबधिर समाजाची तक्रार आजही कायम आहे आणि ती रास्त आहे. पुढे १९९०मध्ये लहान मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवल्या जाणाऱ्या श्रवण-उपकरणाला, मान्यता मिळाली आणि सर्वसाधारण शाळांकडचा ओघ वाढला. कर्णबधिरांच्या निवासी शाळांचे पट घसरत गेले.

१९५३मध्ये सुरू झालेल्या रिव्हरसाइडच्या शाळेत २०२१ साली माध्यमिक वर्गांची पटसंख्या पावणेदोनशेच्या आत होती आणि संघ अकराऐवजी आठ खेळाडूंच्या स्पर्धेत खेळत होता. एवढ्या पटातून संघ उभा करायचा, तर दोन-तीन दुखापतींनीही हंगामाची घडी विस्कटते.

२०२१चा अंतिम सामना ७४-२२ असा हातचा गेला, मात्र पुढच्या वर्षी विजेतेपद मिळाले. त्या संघातली कित्येक मुले लहानपणापासून एकत्र खेळत आलेली होती आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून प्रशिक्षकाने केलेली खूण त्यांना दुभाष्याविना थेट कळत होती.