ठोसा

ठोसा म्हणजे आवळलेल्या मुठीच्या पुढच्या, सांध्यांच्या बाजूने लक्ष्यावर केलेला आघात. बोलताना ठोसा, गुद्दा आणि बुक्की हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. मात्र पाठीत घालतात तो गुद्दा बहुधा मुठीच्या करंगळीकडील कडेने बसतो व त्याचे तंत्र निराळे आहे, म्हणून त्याचा येथे विचार केलेला नाही.

मूठ वळताना चारही बोटे टोकापासून तळहातात घट्ट दुमडतात आणि अंगठा बाहेरून तर्जनी व मधल्या बोटावर आडवा ठेवतात. तो मुठीच्या आत राहिला, तर आघाताने त्याचेच हाड मोडण्याचा संभव असतो. ठोसा तर्जनी व मधले बोट यांच्या मुळाशी असलेल्या सांध्यांनी मारावा, कारण त्यांच्यामागची तळहातातील हाडे मनगटाशी पक्की जखडलेली असतात. अनामिका व करंगळीमागची हाडे त्यामानाने सैल असतात. करंगळीमागचे हाड मानेशी, म्हणजे सांध्यालगतच्या निमुळत्या भागाशी मोडते, त्या दुखापतीला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. नाव बॉक्सरांचे असले, तरी ती पुष्कळदा भिंतीवर राग काढणाऱ्यांच्या वाट्याला येते आणि कोकणातील जांभ्याच्या खडबडीत चिऱ्यावर तर कातडीही सोलवटून निघते.

हात हे ठोशाचे केवळ शेवटचे टोक होय. मागच्या पायाच्या चवड्याने जमीन रेटली की कंबर फिरते, कमरेमागून खांदा येतो आणि तोवर बरगडीजवळ असलेले कोपर मुठीच्या मागे सरळ रेषेत सुटते. हात वाटेत सैल असावा व मूठ टेकण्याच्या क्षणीच आवळावी. त्याच वेळी श्वास सोडावा. कराटेच्या पारंपरिक सरावात दुसरा हात कमरेशी खेचतात, त्याला हिकिते म्हणतात. बॉक्सिंगमध्ये तोच हात हनुवटीजवळ राखणीला राहतो. प्रत्यक्ष चढाओढीत दुसरी रीत अधिक सुरक्षित, हे मान्य करावे लागते.

किनाऱ्यावर सराव करणाऱ्याला पायाखालची जमीन लगेच समजते. सुरूच्या बनाजवळील कोरड्या, भुसभुशीत वाळूत चवडा रुततो आणि रेटा तिथेच जिरतो. ओहोटीला उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर तोच ठोसा वजनदार बसतो.

जपानच्या ओकिनावा बेटावर सरावासाठी पेंढ्याच्या दोरीने गुंडाळलेली लवचिक फळी पुरतात; तिला माकिवारा म्हणतात. भातशेतीच्या कोकणात पेंढ्याची उणीव नाही. सुंभ मात्र हाताला फार चरचरीत लागते. लटकत्या बॅगेत समुद्राची वाळू भरण्याचा मोह होतो, पण ती तळाशी बसून दगडासारखी होते आणि तिच्यातील मीठ पावसाळी हवेतील ओल धरते, म्हणून चिंध्याच भराव्यात.